सामाईक ऊब

आमच्या आईने आजवर आमच्यापाशी काही मागितल्याचे आम्हांला स्मरत नाही. लुगडे आणले तर "कशाला आणलेस?" आणि न आणले तर काहीच नाही, असा तिचा रिवाज. देणाऱ्याला ऋणात ठेवणारी माणसे असतात, तशी घेण्याचे टाळून इतरांना ऋणात ठेवणारीही असतात. आई त्या दुसऱ्या पंथातली. म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरात एके सकाळी चहाचा पेला खाली ठेवून ती जेव्हा म्हणाली, "अरे, आपल्या घरात तसली एक खोली करता येईल का रे?" तेव्हा आम्ही हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवले. तसली खोली म्हणजे सौना.

या मागणीचे मूळ फार दूर होते. आमची धाकटी बहीण फिनलंडमध्ये हेलसिंकीजवळ राहते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आईला घेऊन आम्ही तिच्याकडे तीन आठवडे गेलो होतो. त्या देशाची लोकसंख्या सुमारे ५५ लाख आणि तेथील सौना ३० लाखांहून अधिक. तेव्हा आपल्याकडे घर तेथे तुळस, तसे तिकडे घर तेथे सौना, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने फिनलंडच्या या सौनासंस्कृतीचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. बहिणीच्या इमारतीच्या तळघरात सर्व बिऱ्हाडांचा मिळून एक सौना आहे. तेथे प्रत्येक कुटुंबाची आठवड्यातील वेळ ठरलेली. चाळीतल्या नळासारखी पाळी, फक्त भांडणे नाहीत. बहिणीची पाळी शुक्रवारी सायंकाळी असे.

पहिल्या शुक्रवारी आई जायला तयार नव्हती. "मी काय तिथे जाऊन बसू?" हे तिचे नेहमीचे वाक्य झाले. बहिणीने तिला सुती लुगडे गुंडाळून नेले आणि खालच्या फळीवर बसवले. आम्ही बाहेर आमच्या पाळीची वाट पाहत होतो. वीस मिनिटांनी आई बाहेर आली. जिना चढताना जी एरवी प्रत्येक पायरीवर कठड्याला धरून थांबे, ती मध्ये एकदाच थांबली. वर येऊन म्हणाली, "आमच्या न्हाणीचा वास आला."

आईचे माहेर गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका खेड्यात. कोकणातून किंवा गोव्यातून आलेल्या वाचकाला न्हाणी म्हणजे काय हे सांगावयास नको. घराच्या मागील बाजूस अर्धवट काळोखी जागा, चुलीवर कायमचे बसवलेले तांब्याचे भाण, खाली नारळाची सोडणे आणि वाळकी चुडते यांचा जाळ, आणि धूर, वाफ व ओला दगड यांचा मिळून एक वास. मुली, सुना, आज्या तेथे एकामागून एक न्हात आणि उरलेल्या वेळी नुसत्याच उबेला बसत. आई लग्न होऊन भोपाळला आली ती १९७० साली. आमचे वडील सावंतवाडीकडचे, हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात नोकरीला. पुढे त्यांनी त्या वसाहतीपलीकडे, रायसेन रस्त्यावरच्या आनंद नगरात लहानसे घर बांधले. त्यात न्हाणीघर होते, पण न्हाणी नव्हती. बावन्न वर्षांनी आईला ती उत्तर ध्रुवाच्या शेजारी सापडली.

मागणी पुरी करायची असे आम्ही मनाशी ठरवले. पण वकिलाचा पिंड असल्यामुळे विरुद्ध बाजूचे म्हणणे आधी ऐकणे भाग होते. ते आमच्या सौभाग्यवतीने मांडले. "अहो, मे महिन्यात ४२ अंश असताना भोपाळात उन्हाची भट्टी फुकट मिळते, विकत कशाला?" मुद्दा बिनतोड होता. भोपाळात अशा खोलीचे खरे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढे चारच महिने. जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते आणि त्याच दिवसांत आईचे गुडघे धरतात. शिवाय मुलाच्या महाविद्यालयाचे शुल्क तोंडावर होते. जो काही खर्च होईल तो जुनी मोटार बदलण्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतूनच करायचा, हे त्याच बैठकीत मंजूर झाले.

ही चैन परकी आहे असा जर कोणाचा आक्षेप असेल तर त्याला चरकसंहितेकडे पाठवावे. सूत्रस्थानातला चौदावा अध्याय सगळा स्वेदावर आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी जेन्ताक नावाचा प्रकार वाचताना आम्ही चकित झालो. जलाशयाच्या काठी मातीने लिंपलेले वाटोळे घर, भिंतीला लागून हातभर उंचीचा व रुंदीचा ओटा, मध्यभागी झाकणाची भट्टी, तिच्यात खैरासारखी लाकडे. धूर निघून गेला की अंगाला तेल लावलेल्या माणसाने आत शिरून ओट्यावर बसावे. फिनलंडच्या तळ्याकाठचा सौना याहून फारसा निराळा नाही. एक भेद मात्र आहे. तिकडचे लोक घामेजलेल्या अंगाने थेट तळ्यात उडी घेतात. चरक सांगतो की बाहेर आल्यावर एकदम थंड पाण्याला स्पर्श करू नये, थोडे थांबून कोमट पाण्याने न्हावे. त्याच अध्यायात अग्नीवाचून घाम आणणारे दहा उपाय दिले आहेत. त्यांत व्यायाम, जड पांघरूण व ऊन यांच्याबरोबर भूक, भय, क्रोध आणि युद्ध ही नावे आहेत. न्यायालयात यांपैकी निदान चार आम्हांला रोज विनामूल्य मिळतात.

आमच्या घरातही हे ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हते. बाळंतिणीची बाज, तिच्याखालची शेगडी, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी हे मराठी घरातले सौनाच होत. फिनलंडमध्ये तर पूर्वी खेड्यांतल्या स्त्रिया सौन्यातच बाळंत होत, कारण घरातली सर्वांत उबदार व स्वच्छ जागा तीच. दोन टोकांच्या देशांतल्या आज्यांना एकच गोष्ट सुचावी यात नवल नाही. थंडी आणि वेदना सगळीकडे सारखीच असते.

मग बाजार. आम्ही विक्रेत्यांची पत्रके मागवली, दोघांना घरी बोलावले आणि सुमारे महिनाभर या विषयाचा अभ्यास खटल्यासारखा केला. त्यातून निष्पन्न झालेले थोडक्यात असे.

पहिला प्रकार म्हणजे खरा सौना. लाकडाची खोली, विजेची भट्टी, तिच्यावर दगड. हवा ८० ते ९० अंशांपर्यंत तापते, पण कोरडी असल्यामुळे घाम भराभर उडून जातो आणि शरीराला ती सोसते. दगडांवर पळीभर पाणी ओतले की वाफेची एक लाट अंगावर येते. चार माणसे बसतील अशी तयार खोली आम्हांला साडेतीन लाखांना सांगितली गेली. दुसरा प्रकार अवरक्त किरणांच्या पेटीचा. यात हवा ४५ ते ६० अंशांइतकीच तापते, उष्णता थेट अंगाला लागते, दगड नाहीत, पाणी नाही. ही पेटी साध्या सोळा अँपिअरच्या जोडणीवर चालते. एका माणसाच्या पेटीची किंमत एक लाख साठ हजार. तिसरा प्रकार वाफेचा. असलेल्या न्हाणीघरातच वाफ सोडणारे यंत्र बसवायचे. त्याला छतापर्यंत फरशी हवी, दार घट्ट हवे, नाहीतर वर्षभरात गिलावा ओल धरतो. आणि चौथा प्रकार म्हणजे घडीचा कापडी तंबू. आत खुर्ची, बाहेर वाफेचे भांडे, आणि बसणाऱ्याचे डोके तंबूच्या वर. किंमत सहा हजार दोनशे.

आईने सर्व पत्रके चष्मा लावून पाहिली. अवरक्त पेटीच्या चित्रावर बोट ठेवून विचारले, "यात एकटीनेच बसायचे?" आम्ही होय म्हटले. ती काही बोलली नाही. पण पुढे "तंबूच आण, स्वस्त आहे" असा निकाल तिने दिला. मागणे मागून झाल्यावर ते शक्य तितके लहान करणे हाही तिच्या रिवाजाचाच भाग होता.

तंबू आला. आमच्या मुलीने आजीचे तंबूबाहेर आलेले डोके पाहून "आजी, तू कुंडीतल्या कोबीसारखी दिसतेस" असे म्हटले आणि घरभर हसू झाले. आम्ही रोजनिशीत नोंद ठेवू लागलो. पहिल्या आठवड्यात पाच बैठका, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एक, त्यानंतर शून्य. यंत्रात दोष नव्हता, उष्णताही पुरेशी होती. विचारले तर आई म्हणे, "आज नको, उद्या." मार्चमध्ये तंबूची घडी माळ्यावर गेली. हिशेब केला तर दर बैठकीस सुमारे ६८९ रुपये पडले होते. स्वस्त वस्तू महाग कशी पडते याचे इतके निर्भेळ उदाहरण आम्ही क्वचितच पाहिले आहे.

त्याच हिवाळ्यात एका रविवारी आम्ही चिरंजीवांना घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, कमला पार्कजवळच्या कदीमी हम्मामात गेलो. नबाबी काळापासून चालत आलेले हे उष्णस्नानगृह दिवाळीच्या सुमारास उघडते आणि होळीला बंद होते. खालून लाकडांच्या जाळाने तापवलेली दगडी जमीन, वर घुमटाखालची मंद वाफ, आणि पाठीवर चालणारे मालिशवाल्याचे हात. तेथे आमच्या शेजारी एक भाजीविक्रेता, एक निवृत्त प्राध्यापक आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आलेला एक नवरदेव बसला होता. तिघांचे पाऊण तास संभाषण चालले होते आणि त्यांची पूर्वीची ओळख मुळीच नव्हती. परतताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, आजीला तंबू आवडला नाही, कारण तिथे बोलायला कोणी नसते." अठरा वर्षांच्या मुलाने सांगितलेली गोष्ट पंचेचाळिशीच्या वकिलाला रोजनिशीतल्या आकड्यांवरून कळायला हवी होती.

आमच्या व्यवसायात वाटणीची प्रकरणे पुष्कळ येतात. तीन भाऊ घर वाटून घेतात, शेत वाटून घेतात, देवाच्या मूर्तीसुद्धा वाटून घेतात. पण वाटणीपत्राच्या शेवटी एक कलम बहुधा येतेच, की विहीर, जाण्यायेण्याची वाट आणि काही ठिकाणी न्हाणी ही सामाईक राहतील. या वस्तूंचे तुकडे करता येतात, परंतु तुकडा केला की वस्तू उरत नाही. तसे कलम आम्ही शेकडो वेळा लिहिले असेल. ऊब हीदेखील त्याच वर्गात मोडते हे मात्र ध्यानात आले नव्हते. एकाच माणसाची पेटी विकणारा विक्रेता खरोखर आम्हांला सामाईक वस्तूचा एक तुकडा विकत होता.

तेव्हा खर्चाचा प्रश्न आम्ही पुन्हा मांडला. कोणती वस्तू परवडते, हा पहिला प्रश्न होता. त्याऐवजी किती माणसे, किती संध्याकाळी तिच्यात बसतील, हा प्रश्न घेतला. उत्तर खऱ्या सौन्याकडे जात होते, पण साडेतीन लाख आमच्या आवाक्यात नव्हते. मार्ग निघाला तो घराच्या मागील अडगळीच्या खोलीतून. सहा फूट लांब, पाच फूट रुंद; छत खाली घेऊन उंची साडेसहा फूट केली. एकूण १९५ घनफूट. सुमारे ४५ घनफुटांना एक किलोवॅट या हिशेबाने साडेचार किलोवॅटची भट्टी पुरेशी होते. खोली लहान ठेवली की भट्टी लहान, भट्टी लहान की विजेचा भार कमी. सौन्यात काटकसर करायची ती उंचीत करावी, कारण वर तापलेली हवा कोणाच्याच उपयोगाची नसते. एवढी भट्टी जवळजवळ वीस अँपिअर वीज ओढते, म्हणून साध्या जोडणीवर ती चालत नाही. मीटरपासून निराळी तार, निराळा खटका आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण बसवले, व मंजूर भार वाढवून घेतला. भिंतींना आधी खनिज लोकर, तिच्यावर वाफ अडवणारा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर पाइनच्या फळ्या. रंग नाही, वार्निश नाही. तापल्यावर त्यांचा वास नाकात जातो. खिळ्यांची डोकी लाकडात बुडवलेली, नाहीतर पाठीला चटका बसतो. सुताराने या सूचना हसत हसत ऐकल्या, पण काम चोख केले. एकंदर खर्च एक लाख चोवीस हजार. २०२३ च्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या अभ्यंगानंतर, भट्टी प्रथम पेटली.

दार बाहेरच्या बाजूस उघडणारे आणि बिनकडीचे असावे, हा फिनलंडमधला दंडक आम्ही पाळला होता. त्याचे मोल जानेवारीत कळले.

त्या शनिवारी आई, सौभाग्यवती व मुलगी आत होत्या. आई उठली ती एकदम उठली, आणि उठताच तिचे डोळे फिरले. मुलीने एका हाताने तिला धरले आणि खांद्याने दार ढकलले. दार सहज उघडले. आम्ही बाहेर अंगणात होतो. आईचा पांढरा पडलेला चेहरा आणि ओल्या केसांचे ओघळ आजही आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. पाच मिनिटांत ती सावध झाली. डॉक्टरांनी सांगितले की उष्णतेने रक्तवाहिन्या प्रसरण पावतात व रक्तदाब उतरतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या वृद्ध माणसाने झटकन उठले की डोक्याकडचा पुरवठा क्षणभर कमी पडतो. जेन्ताकाच्या वर्णनात चरकानेही हाच धोका सांगितला आहे. मूर्च्छा आली तरी ओटा सोडू नकोस, कारण तो सुटला तर दार सापडणार नाही आणि प्राणावर बेतेल, अशी ताकीद तेथे वैद्य रुग्णाला देतो. अध्याय आम्ही वाचला होता. त्यातल्या भय आणि क्रोधावर विनोदही केला होता. ताकीद मात्र आईला वाचून दाखवली नव्हती.

दोन आठवडे भट्टी थंड होती. हौसेपायी आपण आईचा जीव टांगणीला लावला, या विचाराने आम्हांला स्वस्थ झोप लागेना. डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. त्यांनी फिनलंडमधल्या कुओपिओ येथील अभ्यासाचा उल्लेख केला. तेथे २,३१५ मध्यमवयीन पुरुषांची सुमारे वीस वर्षे पाहणी झाली आणि २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्यातून अधिक वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. "पण तुमची आई मध्यमवयीन फिनिश पुरुष नाही," असे सांगून ते हसले. शिवाय जो मुळात धडधाकट आहे तोच अधिक वेळा सौन्यात जात असेल, हीही शक्यता उरतेच. अखेर त्यांनी अटी घातल्या. तापमान ६५ अंशांवर नको, खालची फळी, आठ मिनिटे, आधी पाणी पिणे, उठण्यापूर्वी दोन मिनिटे पाय खाली सोडून, दार उघडे ठेवून बसणे, आणि एकटीने कधीही नाही.

शेवटची अट ऐकून आई म्हणाली, "मी एकटी जायचे म्हटले होते कधी?" एक लाख साठ हजारांची ती पेटी घेतली असती तर दाराला खांदा कोणी दिला असता, हा विचार आमच्या मनात आला, तो आम्ही बोलून दाखवला नाही.

त्या हिवाळ्याची नोंद रोजनिशीत आहे. तीस संध्याकाळी, आणि दर वेळी सरासरी चार माणसे, म्हणजे १२० बैठका. प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिल्या हिवाळ्यापुरता दर बैठकीस १,०३३ रुपये खर्च पडतो, आणि तंबूचे ६८९ त्याहून स्वस्तच ठरतात. दहा हिवाळे धरले तर तो १०३ रुपयांवर येतो. विजेचे दर संध्याकाळी चाळीसेक रुपये निराळे. दहा हिवाळ्यांचा हा हिशेब आम्ही सौभाग्यवतीला वाचून दाखवला. आईचे वय त्या वेळी ७६ होते. तिला तो दाखवला नाही.

आता थंडीत शनिवार उजाडला की शेजारच्या दोन बायका आपापले पंचे घेऊन येतात. आधी बायकांची पाळी. आतून बोलण्याचा गलबला ऐकू येतो. मध्येच दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज होतो आणि क्षणभर सगळे गप्प होतात. मग आई लाल चेहऱ्याने बाहेर येते, अंगणातल्या खुर्चीवर बसते आणि आम्हां बापलेकांना हाक मारते, "येयात रे, उदक तापलां." आत उदक नसते, दगड असतात. पण फोंड्याच्या त्या न्हाणीत याच शब्दांनी हाक मारीत, म्हणून आम्हीही ते कधी दुरुस्त करीत नाही. कागद बाजूला सारतो आणि उठतो.